शंकासमाधान : पेढे वाटावेत की नाही?

शंका : आम्ही तीन पिढ्यांपासून अहमदाबादला आहोत. मुलगा बीजे मेडिकलला शिकतो. १२ जून २०२५ ला दुपारी जर्नलवर सरांची सही राहिली होती म्हणून तो वॉर्डात थांबला, आणि तो मेसला पोचायच्या आत विमान मेसवर पडलं. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. आता त्या म्हणतात, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. श्रावणात सत्यनारायण घाला, सोसायटीत पेढे वाटा. आमच्याच जिन्यात खाली राहणाऱ्या काकींचा जावई त्या विमानात होता. लेक सध्या माहेरीच आहे. मुलाने तेव्हापासून दुपारचं जेवण सोडलंय, चार वाजता काहीतरी तोंडात टाकतो. मला पूजा घालावीशी वाटते आणि नकोशीही वाटते. काय करावं?
— एक वाचक, अहमदाबाद

समाधान : ताई, पूजा घाला. पेढे वाटू नका. एवढं उत्तर तुम्हाला पुरेल, पण सासूबाईंना पुरणार नाही, म्हणून थोडं लांबण लावतो. (पुण्याच्या वाचकांसाठी : हे बीजे म्हणजे तुमचं बीजे नव्हे. नाव मात्र दोन्हीकडे एकाच पारशी दात्याचं, बैरामजी जीजीभॉय यांचं.)

आधी नवसाचं पाहू. भद्रकालीला खण-नारळ बोलला असाल तर ते देणं झालं, ते फेडा. पण तुमच्या पत्रात तसं कुठे नाही. अर्ध्या मिनिटात कोण काय बोलणार? विमान १ वाजून ३८ मिनिटांनी उडालं आणि मिनिटभराच्या आत खाली आलं. बोललाच नाही तो नवस थकत नाही. तेव्हा श्रावणातच आणि चारचौघांना बोलावूनच पूजा व्हायला हवी, असं काही नाही.

आता कथेकडे येतो. सत्यनारायणाची कथा आपण इतक्या वेळा ऐकली आहे की ती ऐकूच येत नाही. साधुवाण्याची लेक कलावती नवरा परतल्याचं कळताच प्रसाद टाकून नदीकडे धावते आणि नवऱ्यासकट नौका पाण्यात दिसेनाशी होते. घरी जाऊन प्रसाद घेतल्यावर नौका वर येते. तुमच्या दिवाणखान्यात गुरुजी हा अध्याय वाचणार, त्यांचा आवाज जिन्यातून खाली जाणार. १२ जूनच्या दोनच दिवस आधी वटपौर्णिमा झाली होती. खालच्या लेकीने वडाला दोरा गुंडाळताना काही कमी ठेवलं असेल, असं तुम्ही म्हणाल का? नाही म्हणणार. पण तो अध्याय तिच्या कानात नेमकं तेच म्हणेल.

सासूबाईंच्या वाक्याचंही तसंच. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, हे आपल्या घरात, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवताना म्हणायचं वाक्य आहे. जिन्यात म्हटलं की खालच्या मजल्यावर वेळ आली होती, असा त्याचा अर्थ होतो.

हे मी कोणाला शिकवायच्या थाटात सांगत नाही. मीही पूर्वी असलं बोलत आलोय. २८ जून २०१८ ला मी घाटकोपरला राहत होतो. चाचणी उड्डाणावर निघालेलं किंग एअर जातीचं लहान विमान दुपारी सव्वाएकच्या सुमारास सर्वोदयनगरात, एका बांधकामावर कोसळलं. विमानातले चौघे गेले आणि रस्त्याने चाललेला एक जण गेला. बांधकामावरचे मजूर तेवढ्यात जेवायला गेले होते, म्हणून वाचले. संध्याकाळी नाक्यावर जो तो म्हणत होता, अन्नपूर्णेने राखलं बघा. मीही म्हणालो. घरी येऊन देवापुढे जास्तीची वातसुद्धा लावली. सात वर्षांनी, जूनमध्येच, जेवणाच्याच वेळेला, अहमदाबादेत विमान पडलं ते मेसवर. इथे जेवायला बसलेलेच सापडले. अन्नपूर्णा दोन्हीकडे तीच. तेव्हापासून ते वाक्य माझ्या तोंडी येत नाही. वात अजून लावतो.

विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० लोक गेले. देवाने आमच्या मुलाला निवडून वाचवलं असं म्हटलं, की या प्रत्येकाला त्याने का वगळलं ते सांगायची जबाबदारी आपल्यावर येते. त्यांचं प्रारब्ध, असं म्हणून काही जण मोकळे होतात. ज्यांना तसं म्हणवतं त्यांनी ते काकींच्या दारात उभं राहून एकदा म्हणून पाहावं.

म्हणून सांगतो, आभार जरूर माना. एखाद्या साध्या वारी सकाळी, दार लोटून, घरच्या चौघांत पूजा करा. गुरुजींना म्हणावं, कथा हळू वाचा. सव्वा वाटी रव्याचा शिरा पुरे. तो शिरा खाली पाठवू नका. प्रसादाला नाही म्हणू नये असं आपण मानतो, म्हणूनच ज्याला तो घेववणार नाही त्याच्यापुढे वाटी धरायची नसते. खाली जा ते पूजेच्या दिवशी नव्हे, एरवी जा. पिठलं-भात नेण्याचे दिवस उलटले, आता हात हलवत गेलात तरी चालेल. मुलाचा विषय त्यांनी काढला तर बोला.

आणि सासूबाईंना सांगा, हातून काहीतरी व्हावंसं वाटतंय तर सर्वपित्री आहे. महालयात आप्तांचे पिंड झाल्यावर, ज्यांचं आपल्याशी नातं नाही त्यांच्यासाठी धर्मपिंड देतात. जुन्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

शंका : त्या जळालेल्या ढिगाऱ्यात भगवद्गीतेची प्रत शाबूत सापडल्याचा व्हिडिओ आमच्या भजनी मंडळात सगळ्यांनी पाहिला. मुलगा हसतो. हा चमत्कार नाही तर काय?
— एक वाचक, नाशिक

समाधान : मिटलेलं पुस्तक सहजासहजी जळत नाही. पानं एकमेकांना चिकटून असतात, आत हवा जात नाही. कडा काळ्या पडतात, मधला मजकूर राहतो. जुन्या वाड्याला आग लागली की जमाखर्चाच्या वह्या अशाच निघतात, त्यांना कोणी हार घालत नाही. अग्नी जाळू शकत नाही, असं गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे खरं, पण ते आत्म्याविषयी आहे, छापील प्रतीविषयी नाही. तुमचं भजनी मंडळ आहे म्हणजे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. ती प्रत कोणीतरी बॅगेत जपून ठेवली होती. तिथल्या बऱ्याच जणांची ओळख पटवायला नातेवाइकांचं रक्त घेऊन डीएनए जुळवावं लागलं. पुस्तक वाचलं, वाचणारा गेला. मुलाच्या हसण्यावर रागावू नका, पण त्या व्हिडिओला हात जोडण्याआधी त्या बॅगेच्या धन्यासाठी दोन मिनिटं बसा.

(अहमदाबादच्या विमानातून वाचलेला एकटा प्रवासी ज्या ११-ए सीटवर होता, ती सीट विमानात मागून घ्यावी का, असं दोघांनी विचारलं आहे. त्या विमानात ती सीट आपत्कालीन दाराशेजारी होती. दुसऱ्या विमानात त्या नंबराशेजारी दार असेलच असं नाही.)

शंका : (हा कागद अहमदाबादच्या ताईंच्याच पाकिटात, घडी घालून ठेवलेला होता. ताईंना ठाऊक असावा असं वाटत नाही.) सगळे म्हणतात देवाचे आभार मान. मी मनात मानतो, पण तोंडातून शब्द निघत नाही. ज्या टेबलाशी रोज बसायचो तिथले दोघं भाजले आहेत. आपण वाचलो म्हणून बरं वाटतं आणि लगेच लाज वाटते. मी कृतघ्न आहे का?

समाधान : नाही. तुला अरेतुरे करतोय, वयाने मोठा म्हणून चालवून घे.

बरं वाटणं हे शरीराचं काम आहे. चटका बसला की हात आपोआप मागे येतो, त्याची कोणाला लाज वाटते का? आणि लाज वाटते ती ते दोघं तुझ्या डोळ्यांसमोर आहेत म्हणून. उलट न वाटती तर मी काळजी केली असती. त्या विमानातून जो एकटा जिवंत बाहेर आला, त्याचा भाऊ त्याच विमानात होता. भावाला खांदा देताना त्याला आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्याला कोणी पेढे मागितले नाहीत.

तुझी सही राहिली होती. त्या दोघांची जर्नलं पुरी झाली असतील, म्हणून ते वेळेवर जेवायला गेले. यात कर्मफळ शोधायला गेलास तर काम मागे ठेवणाऱ्याला बक्षीस आणि वेळेवर करणाऱ्याला शिक्षा, असा हिशेब निघतो. असा हिशेब ठेवणारा देव मी तरी ऐकला नाही. विमान का पडलं याचं उत्तर दुसरीकडून यायचं आहे. उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांचं इंधन तोडणारे स्विच सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले, असं जुलैतल्या प्राथमिक अहवालात आहे. ते का गेले हे तपास करणाऱ्यांना विचारायचं, तुझ्या पत्रिकेला नाही.

रात्री झोप लागत नसेल, विमानाच्या आवाजाने दचकत असशील, तर तुझ्याच कॉलेजात मानसोपचार विभाग आहे, तिथे जा. भावी डॉक्टरला हे सांगावं लागतंय याचं नवल नाही. डॉक्टर मंडळी स्वतःचं दुखणं शेवटी दाखवतात. आईने पूजा घातली तर प्रसाद घे, तिला बरं वाटेल. त्यावेळी मनात काय येतं याची झडती घेऊ नकोस.

आणि तू दुपारी जेवत नाहीस, असं आईने लिहिलंय. ते दोघं वॉर्डात असोत की घरी, त्यांची जेवायची वेळ विचार. डबा घेऊन जा आणि त्यांच्याबरोबर जेव.