सहल की यात्रा?



ओंकारेश्वरला जायचं म्हटलं की तिगावच्या आपल्या घरांत दोन मतं पडतात. थोरले म्हणतात, दर्शन घ्या अन् परत या. पोरं म्हणतात, नावेत बसू, डोंगर चढू. देवाच्या दारी मौज केली तर पुण्य घटतं का?

आम्हाला तसं वाटत नाही. मांधाता हे नर्मदेतलं बेटच. त्याची परिक्रमा सुमारे 7 किलोमीटरची. वाटेत कावेरीचा संगम, गौरी सोमनाथ, सिद्धनाथाचं जुनं कोरीव मंदिर. केरळहून पायी आलेल्या बाल शंकराचार्यांना गुरू गोविंदपाद इथेच भेटले, असं परंपरा सांगते. चालणं, पाहणं, नदीच्या वाऱ्याने सुखावणं हे भक्तीच्या आड येत नाही.

मग फरक कुठे? नुसतं घेऊन परतणं ही सहल. जिथून घेतलं त्याची काळजी वाहणं ही यात्रा. बेटाच्या चहूबाजूंनी पाणी. तिथे टाकलेली पन्नी शेवटी मैयाच्याच पोटात जाते, मग ती प्रसादाची असो की चिप्सची. दर्शन घेऊन कचरा टाकणारा मोठा, की नावेत बसून आपला कचरा परत आणणारं पोर?

पुढच्या खेपेला सोबत एक रिकामी पिशवी न्या, भरून आणा.

जय गुरुदेव 🙏