भालाईताचे नाव

मी तसा लढाऊ मनुष्य नाही. आयुष्यात एकदाच हातात कट्यार धरली, ती लग्नात, आणि तिचे काय करायचे हे शेवटपर्यंत कळले नाही. असे असताना गेल्या उन्हाळ्यात मी चार किल्ले घेतले, दोन ड्रॅगन मारले आणि लाकडाच्या व्यापारात साफ बुडालो. हे सगळे धर्माबादेत, आमच्या माळवदाच्या खोलीत, कूलरसमोर बसून!

गुरू अर्थात नातू. खेळाचे नाव 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक', भाग तिसरा. खेळ १९९९ सालचा, म्हणजे नातवापेक्षा वयाने मोठा. वडीलधारा म्हणून मीही त्याला मान दिला. त्यात सात जिनसा असतात: सोने, लाकूड, खनिज, पारा, गंधक, स्फटिक आणि रत्ने. जन्म मिरचीच्या अडतीवर काढलेल्या माणसाला सात जिनसांचे काय भय? मी थेट बाजारात गेलो. भाव पाहिला आणि पाणीच मागितले. बाजार एकच असेल तर लाकूड विकताना २५ मोहरा मिळतात आणि तेच घेताना २५०० मोजाव्या लागतात! एवढी अडत आमच्या मोंढ्यातसुद्धा कोणी कापली नाही. नातू म्हणाला, "आबा, अजून बाजार ताब्यात घ्या, मग भाव सुधारतो." घ्या! ही गोष्ट आमच्याकडे मिरचीच्या पहिल्या पोत्याबरोबरच शेतकऱ्याला कळते. गिऱ्हाईक एकच असले की भाव त्याचा.

तसा आमचा तालुका देवघेवीच्या कलमांना सरावलेला आहे. बाभळीच्या बंधाऱ्याचे भांडण २८ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयात मिटले. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारे उघडी ठेवायची आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली श्रीरामसागराकडे सोडायचे. दोन्ही बाजूंनी कुरकुर केली, पण निदान कोणी काय द्यायचे हे कागदावर आले. सौद्यात ही मोठी गोष्ट असते. दोघांनाही तो ठाऊक असतो.

खरी गंमत पुढे लढाईत झाली. या खेळात आपण वार केला की शत्रूची तुकडी उलट वार करते, पण बहुधा एका फेरीत एकदाच. म्हणून नातवाने एक युक्ती शिकवली. शंभर भालाईतांतला एकच बाजूला काढायचा आणि ड्रॅगनवर सोडायचा. ड्रॅगन सगळा राग त्याच्यावर काढतो, भालाईत खलास. मग घोडेस्वार घालायचे, त्यांच्या केसालाही धक्का लागत नाही.

"आणि त्या भालाईताचं काय?" मी विचारले.

"काय व्हायचंय? आठवडा लागला की नवे चौदा येतात."

"त्याचं नाव काय रे?"

"आबा, भालाईताला कुठं नाव असतंय? नाव हीरोला."

हीरो म्हणजे मी. हा हीरो लढाईत मागे घोड्यावर बसून असतो. त्याला कोणी मारू शकत नाही. हरायची वेळ आली तर तो पळतो, सैन्य तिथेच संपते, आणि साहेब पुढे गुत्त्यात सापडतात. पैसे भरले की पुन्हा कामावर!

मी हसलो खरा, पण ते हसू अर्ध्यातच अडकले. कारण ही युक्ती मला नवी नव्हती. तरुणपणी एका अडतीवर मी हिशेबाला होतो. एकदा वजनाच्या पट्टीत माझी चूक झाली. मालकाचा स्वभाव ड्रॅगनचा. मी काय केले? पाणी भरणाऱ्या पोराच्या हाती पट्टी दिली. "नेऊन दे," म्हटले. पाच मिनिटे आतून आरडाओरडा ऐकला, मग सावकाश आत गेलो. मालक थंड झाले होते. "या, बसा," म्हणाले, चहा मागवला. चहा आणायला दुसरा कोणी गेला. त्या पोराला दुसऱ्या दिवसापासून दुकानात पाहिले नाही.

मी डोके खाजवून पाहिले, पण त्याचे नाव आठवेना. आठवणार कसे? आम्ही त्याला 'ए पोऱ्या' म्हणत होतो.

आता तुम्ही म्हणाल, कोणीतरी पुढे व्हावेच लागते. मान्य! सगळेच मागे घोड्यावर बसले तर लढाई व्हायची कशी? पण पुढे होणे वेगळे आणि न सांगता पुढे ढकलले जाणे वेगळे. त्या पोराला वाटले, आपण कागद घेऊन चाललोय. तो कागद नव्हे, तोफ आहे, हे फक्त मला माहीत होते. माझे पाप त्या न सांगण्यात आहे. 'चूक माझी आहे, तू जातोस का?' एवढे मी विचारले असते, तर तो 'नाही' म्हणू शकला असता. मी विचारले नाही, ते नेमके म्हणूनच.

परवा स्वयंपाकघरात खळ्ळकन आवाज झाला. कैरीच्या लोणच्याची बरणी! नातू चोरपावलांनी माझ्याकडे आला.

"आबा, तुम्ही जरा आधी आत जाता का? आजीला सांगायला."

मी चष्मा काढला. "कोण म्हणून पाठवतोस, ते सांग."

तो घुटमळला. मग खाली मान घालून म्हणाला, "भालाईत म्हणून."

खरे सांगितले म्हटल्यावर मी उठलो.

नियम एकदाच उलट वाराचा आहे, हे खरे. पण खेळात रॉयल ग्रिफिन नावाचे एक पाखरू आहे. ते एका फेरीत कितीही वेळा उलट वार करते. आमची सौ. त्या जातीची आहे, हे नातवाला सांगायचे राहून गेले.