टिपं कुणासाठी?

सातारा जिल्ह्यातल्या वडूजच्या आसपासच्या गावांत मयताच्या घरी बाहेरगावची लेक किंवा बहीण येते, तेव्हा जीपमधून उतरताना ती गप्पच असते. आळीच्या तोंडाशी आल्यावर घर दिसतं आणि ती गळा काढते. आतल्या बायका आवाजावरून ओळखतात, कोण आलं ते. निवलेला कढ त्यांनाही पुन्हा येतो. मग गळ्यात गळा पडतो आणि हेलातच गेलेल्याची सगळी कहाणी येते: बाजारातनं कधी रिकाम्या हातानं आला नाहीस, भाऊबीजेला आता कुणाकडं जाऊ. थोड्या वेळानं एखादी म्हातारी म्हणते, “गप बाई आता, पाणी पी.” ती पाणी पिते, पदरानं नाक पुसते आणि विचारते, “पोरं जेवली का?”

पुण्या-मुंबईचे पाहुणे हे पाहून एकमेकांकडं बघतात. खरं रडणं असं बटण दाबल्यागत सुरू आणि बंद होईल का, अशी त्यांची शंका. भरतमुनींना मात्र यात अडचण वाटली नसती. नाट्यशास्त्रात अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी एक आहे. मन एकाग्र झाल्याशिवाय तो उमटत नाही, आणि तरीही नटानं तो रंगमंचावर आणायचा असतो. खरं आणि दाखवलेलं यांच्यात आपण घालतो तेवढी उंच भिंत त्यांनी घातली नाही.

डोळ्याला पाणी तसं तीन कारणांनी येतं. एक पाणी सतत झिरपत असतं. ते बुबुळ ओलं ठेवतं. त्यात जंतूंच्या भिंती फोडणारं लायसोझाइम असतं, हे अलेक्झांडर फ्लेमिंगनं पेनिसिलिनच्या आधी, 1922 मध्येच सांगितलं होतं. दुसरं पाणी धुरानं, धुळीनं किंवा कांद्यानं येतं. कांदा चिरताना त्याच्या पेशी फुटतात, आतली विकरं एकमेकांत मिसळलेल्या द्रव्यांवर काम करतात आणि त्यातून निघालेला वायू डोळ्याला झोंबतो. एवढी दोन पाणी बैलालाही आहेत. तिसरं, दुःखाचं किंवा मन भरून आल्याचं, आजवरच्या माहितीप्रमाणे फक्त माणसाला. डार्विननं 1872 च्या पुस्तकात रडण्याचा बारकाईनं अभ्यास केला, तरी अश्रूंचा स्वतंत्र उपयोग काय, याचं समाधानकारक उत्तर त्याच्या हाती लागलं नाही.

तान्ह्या बाळाकडं पाहिलं तर एक धागा सापडतो. पहिले काही आठवडे ते बेंबीच्या देठापासून ओरडतं, पण डोळे जवळजवळ कोरडेच. पाणी नंतर येतं. आवाज लांबून आईला बोलावतो, पण तो वाघालाही ऐकू जातो. अश्रू मात्र समोर बसलेल्यालाच दिसतात. नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ आड फिंगरहुट्स यांची मांडणी साधारण अशीच आहे आणि मला ती पटते. भरल्या डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणजे त्या घडीला माणूस भांडायच्याही कामाचा उरत नाही. तो स्वतःला समोरच्याच्या हवाली करतो. अमेरिकेत रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी रडणाऱ्यांच्या छायाचित्रांतले नुसते अश्रू पुसून टाकले, तर पाहणाऱ्यांना ते चेहरे कमी दुःखी वाटलेच, शिवाय नेमका भाव कोणता हेही कळेना.

“रड म्हणजे हलकं वाटंल,” असं आपण म्हणतो. दुःखाची घाण पाण्यावाटे बाहेर पडते, असा सिद्धांत 1980 च्या दशकात संशोधक विल्यम फ्राय यांनीही मांडला होता. पण टिपं ती किती! शिवाय डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या छिद्रांतून बरंच पाणी नाकात आणि तिथून घशात उतरतं. म्हणून तर रडताना नाक गळतं. बाहेर टाकलेलं बरंचसं आपणच गिळतो. 2015 च्या एका प्रयोगात करुण सिनेमा पाहून रडलेल्यांना लगेच विचारलं, तर त्यांचं मन आणखी खाली गेलेलं होतं. दीड तासानं मात्र ते सिनेमाच्या आधीपेक्षाही बरं झालं. आणि लोकांनी सांगितलेल्या हजारो अनुभवांत दिसलं ते असं, की ज्यांना जवळ घेणारं कुणी होतं, त्यांना रडून जास्त बरं वाटलं. 1991 चा ‘माहेरची साडी’ बायाबापड्यांनी शेजारणींना बरोबर नेऊन पाहिला, तो काही उगीच नाही.

आमच्याच भागातली दोन ठिकाणं शेजारी ठेवून पाहावीत. 9 सप्टेंबर 1942 ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा आला, गोळीबार झाला आणि वडगावचे परशुराम घार्गे यांच्यासह सत्याग्रही हुतात्मा झाले. हुतात्मा दिनाला आम्ही रांगेत उभे राहतो, पुष्पचक्र वाहिलं जातं, भाषणं होतात. डोळ्यांत पाणी क्वचितच. पलीकडं माण तालुक्यात गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराजांची पुण्यतिथी असते. त्यांनी 1913 च्या डिसेंबरात देह ठेवला. त्यांना पाहिलेलं आज कुणी हयात नाही. तरी पहाटे त्या शेवटच्या घटकांचं वर्णन सुरू झालं, की माणसं हमसून रडतात. भक्ती हे कारण आहेच. पण तिथं माणूस कसा गेला ते क्रमानं सांगितलं जातं, सगळे दाटीवाटीनं बसलेले असतात आणि शेजारच्याचा हुंदका कानावर येतो. हुतात्म्यांबद्दल आम्ही बोलतो ते बलिदान, त्याग, प्रेरणा. त्या दिवशी घरून निघताना कोण काय म्हणालं, हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं, असं माझं मत आहे.

पण असं शेजारी बसून रडायला सगळ्यांनाच मिळत नाही. खटाव, माण, खानापूर, आटपाडीची कितीतरी घरं गलाईच्या धंद्यापायी देशभर विखुरली आहेत. मूस आणि भट्टी सांभाळत सोनं-चांदी गाळणारा मुलगा दूर दक्षिणेत, बाप इथं गेलेला. माती लवकर द्यावी लागते, म्हणून तो अंत्यविधी मोबाइलवर पाहतो. कुणीतरी हात उंच करून फोन धरतो. पडद्यावर गर्दीच्या टोप्या दिसतात, मध्येच आभाळ. त्याला रडू आलं, की तो आपल्याकडचा कॅमेरा बंद करतो. दहाव्याला तो पोचतो, तेव्हा रडून थकलेल्या चुलत्या-आत्या त्याला पाहून पुन्हा हंबरडा फोडतात. ही त्यांची मोठीच माया, कारण बाप्या माणसाला स्वतःचा हेल नाही. तो टॉवेल तोंडाला लावून भिंतीकडं वळतो. मग ओसरीवरचे चुलते त्याला जवळ बसवतात आणि विचारतात, गाडी कुठनं धरलीस, रिझर्वेशन मिळालं का.