महत्तेचा मायना

स्पॅनिश भाषेतील 'माग्नीफिको' हे विशेषण आज रुचकर भोजनासही सर्रास लावले जाते. परंतु सोळाव्या शतकातील कास्तील प्रांतात ते कोणास लावावे आणि कोणास लावू नये, याचे ज्ञान संपादन करणे हा व्यवहारातील एक बिकट अभ्यास होता. आविला नगरीच्या कार्मेल पंथीय संन्यासिनी तेरेसा यांनी आत्मचरित्रात, ईश्वरी साक्षात्काराच्या गहन वर्णनाला लागूनच, या अभ्यासाची यथेच्छ टर उडविली आहे. पूर्वी ज्यास 'माग्नीफिको'ही लिहीत नसत त्यास आता 'इलुस्त्रे' लिहावे लागते, कागद कोणत्या बाजूस कोरा सोडावा याचीही विवंचना करावी लागते, तेव्हा मायने शिकविण्यासाठी विद्यापीठात अध्यासनच स्थापावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री' अशा मायन्यांची आमची जुनी दप्तरे ज्यांनी चाळली असतील, त्यांस या उपहासाचे मर्म निराळे सांगावयास नको.

तथापि तेरेसाबाई स्वतः ईश्वराचा उल्लेख पदोपदी 'सु माखेस्ताद', म्हणजे राजास द्यावयाच्या किताबानेच, करतात. दरबारी थाटाचा ज्यांना इतका वीट, त्यांनी देवासही दरबारात का बसवावे? त्यांचे उत्तर मार्मिक आहे. लवाजम्यावाचून एकटा उभा असलेला राजा राजा म्हणून ओळखू यावयाचा नाही. ईश्वराचे ऐश्वर्य मात्र त्याच्या दर्शनातच प्रकट होते, आणि त्याच्या भेटीसाठी कोणा मध्यस्थाची मनधरणी करावी लागत नाही. वेदान्ताच्या परिभाषेत बोलावयाचे तर राजाची महत्ता औपाधिक, ईश्वराची स्वरूपभूत. उपाधीवर उभे असलेले विशेषण हा एक हक्क होऊन बसतो. ते दिल्याने कोणी संतोष पावत नाही, न दिल्याने मात्र अपमान होतो, आणि म्हणूनच ते पिढीगणिक फुगत जाते.

हे मला पटते; पण अर्धेच. कारण राजसभेत शिकलेला शब्द भक्ताच्या मुखी आला तरी त्याचा दरबारी वास एकाएकी जात नाही, आणि तो कसा घालवावा याचा सिद्धान्त तेरेसाबाईंनी कोठे मांडल्याचे दिसत नाही. त्यांनी केले ते एवढेच, की 1562 साली आविला येथे सान होसे मठ स्थापिल्यावर 'दोन्या तेरेसा दे आउमादा' हे कुलीन नाव टाकून 'येशूची तेरेसा' हे नाव धारण केले, आणि मठाच्या नियमावलीत 'दोन्या'सारख्या मानवाचक उपपदास मनाई केली. मठाबाहेर मात्र बिशपांस व सरदारांस पत्रे लिहिताना त्या शिरस्त्याप्रमाणे उंची किताब घालीतच राहिल्या; नव्या मठांना त्यांचा आश्रय हवा होता, यात दांभिकता शोधणे मला अन्यायाचे वाटते.

त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, 1586 साली, दुसऱ्या फेलिपे राजाने फर्मान काढून पदव्यांचा हा सुळसुळाट आवरला आणि स्वतःसही पत्रारंभी केवळ 'सेन्योर' लिहावे, असे ठरविले. विशेषणे घटली खरी. परंतु कोणास कोणते शोभते, हे ठरविण्याचा अखत्यार राजाकडेच राहिला.