गाडी कोणाची?

शनिशिंगणापूरच्या पार्किंगमध्ये उभं राहिलं की एक आवाज सतत कानावर पडतो. बीप-बीप. ज्या गावाची ख्याती कुलूप न लावण्यासाठी, तिथे आलेली माणसं गाडीतून उतरतात, चार पावलं चालतात, मागे वळून रिमोट दाबतात आणि मग दर्शनाला जातात. मला यात ढोंग दिसत नाही. घरांना दारं नसणं हा त्या गावाचा आणि शनिदेवाचा आपसातला करार आहे. पुण्याहून आलेली गाडी त्या करारात बसत नाही.

नेवासा तालुक्यातलं हे गाव आता सगळ्यांना माहीत आहे. घराला चौकट असते, दार नसतं. कुत्री-मांजरं आत शिरू नयेत म्हणून फार तर एखादी फळी टेकवून ठेवायची. 2010 मध्ये एका भाविकाने गाडीतून रोकड आणि ऐवज चोरीला गेल्याची तक्रार केली तेव्हा त्याची बातमी झाली. एका चोरीची बातमी होते, हेच त्या गावाचं कौतुक. 2011 च्या जानेवारीत तिथे युको बँकेची शाखा उघडली, 'बिनकुलपाची बँक' म्हणून. बँकेला काचेचं दार होतं आणि त्याला रिमोटवर चालणारं, सहज नजरेला न पडणारं विद्युतचुंबकीय कुलूप. 2015 मध्ये गावाला स्वतंत्र पोलीस ठाणंही मिळालं.

बँकेची गोष्ट ऐकून लोक हसतात. मला ती प्रामाणिक वाटते. ठेवी लोकांच्या, त्यामुळे कुलूप हवंच. गावाची श्रद्धाही दुखवायची नाही. मग कुलूप आहे, पण दिसत नाही. आपल्या गाड्यांमध्येही असंच एक न दिसणारं कुलूप असतं आणि किल्ली हरवेपर्यंत बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो.

शिंगणापूरच्या जवळच सोनईला माझे मामा राहतात. मागच्या हिवाळ्यात रात्रपाळीची लाइट होती म्हणून ते उसाला पाणी द्यायला गेले आणि गाडीची किल्ली शेतात कुठेतरी पडली. पाणी भरलेल्या सरीत, अंधारात, पुरुषभर उंच उसात किल्ली शोधणं म्हणजे काय, हे ज्याने दारं धरली आहेत त्यालाच कळेल. दुसरी किल्ली आबांच्या हयातीतच गहाळ झाली होती. आबा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील.

मामांना वाटलं, नगरला जाऊ, चावी पाडून आणू. जुन्या गाड्यांचं तसंच होतं. चावी म्हणजे पितळेचा किंवा लोखंडाचा तुकडा, त्याला दात, दात जुळले की काम झालं. सिनेमातला हिरो तर दोन तारा एकमेकींना लावूनच पळायचा.

इमोबिलायझर आल्यापासून तसं चालत नाही. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून थोडी मोठी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. रिमोटमध्ये जी बॅटरी असते ती दारं उघडण्यासाठी. चिपचं तिच्यावाचून चालतं. किल्ली लावण्याच्या जागेभोवती तारेचं एक वेटोळं असतं, त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला क्षणभर पुरेल इतकी वीज मिळते. गाडी चिपला एक आकडा पाठवते, दर वेळी नवा. चिप आपल्याकडच्या गुप्त संख्येने त्यावर गणित करते आणि उत्तर परत देते. तेच गणित गाडीनेही केलेलं असतं. उत्तरं जुळली तर इंजिनाला डिझेल मिळतं. नाही जुळली, तर दात कितीही बरोबर असोत, स्टार्टर फिरला तरी गाडी चालू राहत नाही. गुप्त संख्या स्वतः कधीच हवेतून जात नाही, ही त्यातली खरी हुशारी. मी रोज ज्या सर्व्हरवर काम करतो तिथेही ओळख पटवण्याच्या काही पद्धती याच कल्पनेवर चालतात.

म्हणजे गाडी प्रत्येकाला चोर समजते आणि दर वेळी पुरावा मागते. हा संशय वाया जात नाही. युरोपात 1998 पासून नव्या कारमध्ये इमोबिलायझर सक्तीचा झाला. नेदरलँड्समधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी आकडेवारी तपासली तेव्हा त्यामुळे कारचोरी सरासरी 40 टक्क्यांनी घटल्याचं त्यांना आढळलं. उलट अमेरिकेत किया आणि ह्युंदाईच्या 2011 ते 2021 या काळातल्या अनेक मॉडेलांमध्ये तो नव्हता. 2022 च्या सुमारास ती गाडी यूएसबी केबलच्या टोकाने कशी सुरू करायची याचे व्हिडिओ टिकटॉकवर फिरले आणि शहराशहरांतून त्या गाड्या उचलल्या जाऊ लागल्या. चोरणारी बरीचशी पोरं होती, आणि गाड्या मुख्यतः स्वस्त मॉडेलांच्या, म्हणजे ज्यांना दुसरी गाडी परवडत नाही अशांच्या. त्यामुळे 'आधी माणसं विश्वासू होती, तंत्रज्ञानाने संशय आणला' असं कोणी म्हणालं की मी गप्प बसत नाही.

पण कुलूप बनवणं हे तसं सोपं काम. अवघड असतं ते किल्ली हरवलेल्या माणसाचं काय करायचं हे ठरवणं. आमच्या धंद्यात लॉगिनचं पान लिहायला फारसा वेळ लागत नाही, 'पासवर्ड विसरलात?' या छोट्या ओळीमागे आठवडे जातात. ती वाट फार रुंद ठेवली तर चोर तिथूनच येतो. फार अरुंद ठेवली तर खरा मालक बाहेर राहतो, आणि त्याचा आवाज आत कुणाला ऐकूही येत नाही. किती चोर अडवण्यासाठी किती खऱ्या माणसांना ताटकळत ठेवायचं, याचं उत्तर कोडमध्ये सापडत नाही. कुणीतरी ते ठरवतं, आणि बहुधा ताटकळणाऱ्याला न विचारताच ठरवतं.

मामा नगरच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. मी सोबत होतो. काउंटरवरचा मुलगा माझ्याच वयाचा होता आणि अजिबात उद्धट नव्हता. त्याने सांगितलं, गाडी टो करून आणावी लागेल, एकही किल्ली शिल्लक नसल्यामुळे पूर्ण सेट बदलावा लागेल, आरसी, ओळखपत्र आणि किल्ली हरवल्याचा पोलिसांकडचा दाखला लागेल, आणि आरसीवर ज्यांचं नाव आहे त्यांना यावं लागेल.

"ते नाहीत आता," मामा म्हणाले.

"कधी येतील?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी सांगितलं. आबांना जाऊन चार वर्षं झाली होती. गाडी त्यांच्याच नावावर होती.

मुलगा ओशाळला, पण नियम नियमच राहिला. आधी गाडी नावावर करून घ्या. बाहेर आल्यावर मामांचा आवाज चढला. "चार वर्षं मी चालवतो, विम्याचे हप्ते मी भरतो, टायर मी टाकले, अन् मीच चोर? गावात कुणालाही विचार म्हणावं, गाडी कुणाची!"

खरंच कुणीतरी विचारलं. नगरमध्येच चाव्या बनवणारे एक चाचा आहेत. अगोदर टपरीवर कुलपांच्या किल्ल्या घासायचे. आता त्यांच्याकडे गाडीच्या डॅशबोर्डखालच्या सॉकेटला जोडायचं यंत्र आहे. ते मोटारसायकलवर सोनईला आले. गाडीकडे जाण्याआधी समोरच्या दुकानात त्यांनी चहा घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, ती पांढरी गाडी कुणाची. मग आमच्या ओट्यावर बसलेल्या आजीला तेच विचारलं. आजी म्हणाली, "आमच्या ह्यांची." मग त्यांनी आरसी आणि आबांचा मृत्यूचा दाखला पाहिला, मामांच्या आधार कार्डाशी वडिलांचं नाव ताडलं, गाडीशेजारी मामांना उभं करून फोटो काढला आणि वहीत सही घेतली. हे सगळं होईपर्यंत पिशवी उघडली नाही. नंतर दाराच्या लॉकवरून दात मोजून चावी कापली, यंत्र जोडलं, नव्या चिपची नोंद केली आणि जुन्या दोन्ही किल्ल्या गाडीच्या आठवणीतून पुसून टाकल्या. उसात पडलेली किल्ली उद्या सापडली तरी दार उघडेल, इंजिन चालू होणार नाही.

चाचांनी केलं ते योग्य केलं का? त्यांच्याकडे जी विद्या आहे, तीच चोराकडे असते. हात तेच, यंत्र तेच. म्हणून कंपन्यांना ती विद्या आपल्याच कपाटात हवी असते. 2013 मध्ये बर्मिंगहॅम आणि नायमेखन इथल्या संशोधकांनी बऱ्याच गाड्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या मेगामॉस या इमोबिलायझरच्या चिपमधल्या उणिवा मांडायचं ठरवलं, तर फोक्सवॅगनने ब्रिटनच्या न्यायालयातून मनाई आणली. दोन वर्षांनी, 2015 मध्ये, तो निबंध एक वाक्य वगळून प्रसिद्ध झाला. मला तो मनाईचा आग्रह पटत नाही. उणीव झाकल्याने चोरापासून ती लपतेच असं नाही. गाडीच्या मालकापासून मात्र नक्की लपते. आणि सगळी विद्या शोरूममध्ये कोंडली, तर सोनईच्या शेतकऱ्यापुढे गाडी टो करून नेण्यापलीकडे मार्गच उरत नाही. चाचांसारखी माणसं हवीत. मात्र त्यांच्यावर ठेवलेला भरवसा त्यांच्या चहा घेण्यावर, वहीवर आणि नाही म्हणण्याच्या तयारीवर उभा आहे. मी त्यांना विचारलं, कधी परत पाठवलंय का कुणाला? म्हणाले, नवरा-बायकोच्या भांडणात पुष्कळदा. दोघंही म्हणतात गाडी माझी, आणि दोघंही खरं बोलत असतात.

हे ऐकेपर्यंत माझा निवाडा तयार होता: शोरूमला कागद कळतो, चाचांना माणसं कळतात, तेव्हा चाचा बरोबर. तसाच लेख लिहिला असता तर छान झाला असता. पण घरी पुण्याला येऊन आईला सगळं रंगवून सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "गावाला काय विचारायचं? गाव दादाचंच नाव घेणार."

आबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. गाडी त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेली. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे अशा मालमत्तेत पत्नी, मुलगा आणि मुली यांचा हिस्सा सारखा. म्हणजे त्या गाडीचा पाव भाग आजीचा, पाव मामांचा, पाव आईचा आणि पाव मावशीचा. चहाच्या दुकानात यातलं एकच नाव निघालं. दुकानदार खोटं बोलला नाही. गाडीतून रोज कोण उतरतं ते त्याने सांगितलं. पण बहिणींची नावं गावाच्या स्मरणात नसणं हा अपघात नाही. जमिनीच्या बाबतीतही गावाचं स्मरण असंच चालतं. ज्या आरसीला मी कोरडा कागद म्हणत होतो, तिने निदान एवढं तरी सांगितलं की मालक गेलाय आणि पुढचं अजून ठरायचंय.

मोटार वाहन कायद्यातही हे आहेच: मालक वारला तर ज्याच्याकडे गाडी आली त्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं, मग तीन महिने गाडी वापरता येते आणि तेवढ्यात नावावर करून घ्यायची. आमच्याकडे कुणीच कळवलं नाही, कारण गरजच पडली नाही. किल्ली चालत होती. चार वर्षं रोज सकाळी चिप गाडीला उत्तर देत होती आणि घरात तो प्रश्न निघत नव्हता. यंत्राला फक्त इतकंच कळतं की किल्ली खरी आहे. ती कुणाच्या हातात का आहे, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं.

शिंगणापूरच्या घरांना दार नाही, म्हणजे तिथे मालकीचे प्रश्न नाहीत असं थोडंच? सातबारा तिथेही असतो, भाऊबंदकी तिथेही असते. देव चोराला बघून घेईल, पण वाटण्या करायला तलाठ्याकडेच जावं लागतं. विश्वास मोठा की पुरावा मोठा, या प्रश्नात मला आता फारसा रस उरलेला नाही. कुणावर विश्वास ठेवायचा हे ठरवताना कुणाला विचारलं गेलं आणि कुणाला नाही, ते मी आता आधी पाहतो. चाचांनी निदान आजीला विचारलं होतं. घरातल्या आम्हा कुणाला ते सुचलं नव्हतं.

गाडी नावावर करायचं काम आता सुरू आहे. इतर वारसांची संमती लागते, म्हणून मामांनी प्रतिज्ञापत्रांचे नमुने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि खाली लिहिलं, 'फक्त सही करायची.' आईने लगेच केली. मावशी श्रीरामपूरला असते. तिने दोन दिवस मेसेज नुसता पाहून ठेवला. तिसऱ्या दिवशी मामांना फोन केला आणि म्हणाली, सही करते रे दादा, गाडी तूच ठेव, पण ये घरी, चहाला ये, आणि समोर बसून माग.

मामा अजून गेलेले नाहीत.