अंगण कोणाचे?



परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : "घर भाड्याचे आहे, झाड लावून काय करायचे?" सध्या माझा मुक्काम मुलीकडे देरा येथे आहे आणि हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. दुबईच्या खाडीच्या या काठावर राहणारे बहुतेक लोक बाहेरून आलेले, करारावर राहणारे. हौर अल अंझ, अबू हैल या भागांत अजून बैठी घरे आहेत. कुंपणाच्या आत थोडी मोकळी जागाही आहे. पण कित्येक ठिकाणी त्या जागेत फरशी, रिकामी खोकी आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या दिसतात. जागा आहे, पण अंगण नाही. पाखरू तेथे उतरत नाही आणि घरातले माणूसही तेथे बसत नाही. या सबबीला आपली पवित्र तोरा काय उत्तर देते, ते आज पाहू या.

वायिक्राच्या पंचविसाव्या अध्यायात जमीन कायमची विकू नये अशी आज्ञा आहे. तिचे कारणही परमेश्वराने सांगितले आहे. जमीन त्याची आहे आणि आपण त्याच्याजवळ उपरे व मुक्कामी म्हणून राहतो. ही गोष्ट त्याने मिसरमधल्या गुलामांना सांगितलेली नाही. जे लोक इस्राएल देशात स्वतःच्या वाट्याची शेते घेऊन बसणार होते, त्यांना सांगितली. म्हणजे अश्दोद किंवा दिमोना येथे स्वतःच्या नावावर घर असलेला आपला बांधव आणि देऱ्यात दर वर्षी भाडेपट्टा नवा करणारा बांधव, दोघेही त्या मालकाचे भाडेकरूच. तेव्हा "मी भाडेकरू आहे" हे झाड न लावण्याचे कारण होऊ शकत नाही. आदामालाही एदेन बाग मालकीने दिली नव्हती. मशागत करणे आणि राखण करणे, ही दोन कामे सांगून त्याला तेथे ठेवले होते.

दुसरी सबब मुदतीची. येथे नोकरीचा व्हिसा बहुधा दोन वर्षांचा असतो. गंमत पाहा, दोन वर्षांचीच मुदत यिर्मिया नबीच्या काळीही एकाने सांगितली होती. नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमचे लोक बाबेलला नेले, तेव्हा हनन्या नावाचा खोटा नबी म्हणाला की दोन वर्षांत सगळे परत येईल. यिर्मियाने मात्र बाबेलच्या बंदिवानांना पत्र पाठवून सत्तर वर्षांचा हिशोब सांगितला. घरे बांधा, बागा लावा, त्यांचे फळ खा, मुलांची लग्ने करा आणि ज्या शहरात राहता त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा, असा त्या पत्राचा आशय आहे. आता फळझाड लावले तर तोरेच्या नियमाप्रमाणे पहिली तीन वर्षे त्याचे फळ खायचे नाही, चौथ्या वर्षाचे पवित्र, आणि पाचव्या वर्षी ते आपले. दोन वर्षांचा हिशोब करणाऱ्याने बाग कशी लावावी? नबीने बाग लावायला सांगितली, तेव्हाच परक्या शहरात मनाने स्थिर व्हायला सांगितले.

आता बागेत वाटा कोणाकोणाचा, ते पाहू. शमिटाच्या सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची आणि आपोआप उगवलेले सर्वांनी खायचे. या सर्वांमध्ये मालक, चाकर, मजूर, उपरा, पाळीव गुरे आणि रानातले पशू अशी सगळी नावे तोरेने घेतली आहेत. यावरून आपल्या हाखामांनी एक विलक्षण नियम काढला. शमिटाचे एखादे पीक शेतात रानपशूंसाठी जोवर शिल्लक आहे, तोवर ते घरात साठवता येते. शेतातले संपले की घरातला साठाही मोकळा करायचा. रानातल्या हरणाला काय उरले, यावर आपल्या कोठीचे माप ठरते! हा नियम इस्राएल देशातल्या पिकांपुरता आहे. मागची शमिटा ५७८२ साली झाली आणि पुढची ५७८९ साली येईल. पण त्यातली शिकवण कोठेही आणि कोणत्याही वर्षी लागू आहे.

शब्बाथच्या आज्ञेतही हेच आढळते. शमोथच्या तेविसाव्या अध्यायात सातवा दिवस कशासाठी, याचे कारण देताना आधी बैल व गाढव यांचा विसावा येतो आणि मग दासीचा मुलगा व उपरा यांचा. कोकणात आपल्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. घाणा बंद, म्हणजे घाण्याचा बैलही मोकळा. आपल्या पूर्वजांजवळ शेकडो वर्षे तोरेची पोथी नव्हती, तरी बैलाचा शब्बाथ त्यांनी मोडला नाही. घरच्या माणसांचा विसावा आणि मुक्या जिवांचा विसावा आपल्यात एकाच दावणीला बांधलेला आहे. म्हणून ज्या अंगणात चिमणीला टेकायला जागा नाही, तेथे आपल्यालाही विसावा मिळत नाही, यात नवल नाही.

मग करायचे काय? फार थोडे.

पहिले पाणी. येथे उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो आणि पिण्याचे पाणी समुद्राचे खारेपण काढून मिळवावे लागते. सावलीत एक उथळ मातीचे भांडे ठेवावे आणि मध्ये एक दगड ठेवावा, म्हणजे लहान पाखरू व मधमाशी बुडणार नाही. भांडे रोज घासून पाणी बदलावे, नाहीतर डासांची पैदास होते.

दुसरी सावली. जमीन मोकळी असेल आणि घरमालकाची परवानगी असेल तर गाफ लावावा. गाफ म्हणजे आपली शमी. वाळवंटात मुळे फार खोल नेऊन ती थोड्या पाण्यावर जगते. २००८ साली अमिरातीने तिला राष्ट्रीय वृक्ष ठरवले. मजल्यावर राहणाऱ्यांनी सज्जात जास्वंद, मोगरा, सब्जा यांच्या चार कुंड्या ठेवाव्यात. जास्वंदीवर शिंजीर येतो, सब्ज्याच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या येतात.

तिसरे म्हणजे विषारी फवारे टाळावेत. त्याच २००८ साली इस्राएलने हुदहुद हा आपला राष्ट्रीय पक्षी निवडला. तोरेच्या यादीत तो निषिद्ध पक्षी आहे. म्हणजे तो आपल्या ताटात यायचा नाही, पण अंगणात त्याला मज्जाव नाही. देऱ्याच्या हिरवळीवरही तो लांब चोचीने मातीतल्या अळ्या टिपताना दिसतो. मातीत विष घातले तर ते त्याच्या पोटात जाते, आणि त्याच मातीत आपली नातवंडेही खेळतात.

चौथे, बसायची जागा. सावलीत एक बाक किंवा चटई हवी. अल रास भागात १८९० सालचे एक जुने घर हेरिटेज हाउस म्हणून जतन केले आहे. त्याच्या खोल्या मधल्या चौकाभोवती आहेत. आपल्या चौसोपी वाड्यासारखेच! घरातली माणसे दिवसातून एकदा तरी एकमेकांसमोर यावीत, अशी ती रचना आहे. हिवाळ्यातल्या संध्याकाळी आणि उन्हाळ्यात पहाटे तेथे सर्वांनी बसावे. घरी कामाला येणारी बाई आणि माळी यांनाही तेथे बसायला सांगावे, कारण शब्बाथच्या आज्ञेत तीही माणसे आहेत.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. उरलेले अन्न उघड्यावर टाकू नये. त्याने कबुतरे आणि कावळे माजतात, शेजाऱ्यांचे सज्जे घाण होतात आणि कावळे लहान पाखरांची घरटी लुटतात. पालिकेचे आणि इमारतीचे नियम पाळावेत. देशाचा कायदा तोच कायदा, हे तत्त्व बाबेलच्याच श्मुएल हाखामांनी घालून दिले आहे. दुसरे, शब्बाथच्या दिवशी झाडांना पाणी घालायचे नसते आणि जे पक्षी आपल्यावर अवलंबून नाहीत त्यांच्यापुढे दाणे टाकण्यासही पुष्कळ हाखामांची हरकत आहे. म्हणून शुक्रवारी दिवे लावण्यापूर्वीच कुंड्या व भांडे भरून ठेवावे. हे काम मुलांकडे द्यावे. २०२२ सालापासून येथल्या सरकारी कचेऱ्या शुक्रवारी अर्धा दिवसच चालतात, तेव्हा अनेक घरांत त्यासाठी वेळही आहे.

देऱ्याच्या खाडीच्या टोकाला रास अल खोर येथे हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. आपल्या पुष्कळ कुटुंबांचे जुने गाव जे ठाणे, तेथल्या खाडीतही रोहित उतरतात. दोन्ही जागा आता जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांत गणल्या जातात, रास अल खोर २००७ पासून आणि ठाण्याची खाडी २०२२ पासून. पाखरांना त्या खाडीचा भाडेपट्टा कोणी लिहून दिलेला नाही. मालकाने सोडलेल्या वाट्यावर ती उतरतात, पोटापुरते टिपतात आणि वेळ झाली की जातात. आपला मुक्कामही तसाच आहे. निघताना खोली रिकामी करून किल्ली द्यावी लागते, झाड मात्र तेथेच राहते आणि पुढच्या भाडेकरूला सावली देते.

येत्या तू बिश्वाटला मलिद्याचे ताट भराल आणि झाडाच्या फळावर बराखा म्हणाल, तेव्हा त्या वर्षी आपण एखादी तरी कुंडी लावली आहे, असे सांगता यावे. परमेश्वर आपल्या घरांना, अंगणांना आणि ज्या ज्या शहरात आपली माणसे राहतात त्या शहरांना शांती देवो. आमेन.