आपण होऊन सोडलेली नोकरी

सुरतेच्या पर्वत पाटियातील एखादा बंधू बारा तासांच्या पाळीने मनातून खचतो व नोकरी सोडतो. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने २०१८ साली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आणली. तिच्यात काम गेलेल्या विमेदारास ९० दिवसांपर्यंत भत्ता ठरला. आपण होऊन काम सोडणाऱ्यास नाही. मग त्याने अर्जात “मला काढून टाकले” असे लिहावे काय? आम्हांस वाटते, लिहू नये. खोटे बोलून आणलेली भाकर खचलेल्या मनाला अधिकच जड होते. परंतु आपणही त्याला आळशी म्हणू नये. थकलेल्या एलीयाला आधी झोप व भाकर मिळाली. प्रश्न मागाहून आला. कायदा थांबतो तेथे मंडळीने त्याचे दार ठोठवावे, शिधा न्यावा. आपण गेलो नाही, तर त्याच्या खोटेपणाचा दोष थोडा आपल्याही माथी येईल.